आधी ब्रेक, मग मोटर

नारायणगावहून खोडदकडे जाताना एका साध्याशा चढावर मागच्या चाकातून कडाक् असा आवाज आला आणि मोटर गप्प झाली. उतरून पाहिलं. चाकाचा एक्सल फ्रेमच्या मागच्या चिमट्याच्या खाचेत गरकन फिरला होता आणि मोटरमधून बाहेर येणाऱ्या तारा पिळवटून मुळापाशी तुटल्या होत्या. किट बसवून तीन आठवडेही झाले नव्हते. उरलेलं अंतर सायकल हाताने ढकलत नेली.

घडलं ते असं. साध्या सायकलीत एक्सलला फक्त वजन पेलायचं असतं. चाक त्याच्याभोवती फिरतं, तो जागचा हलत नाही. चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवली, म्हणजे ज्याला हब मोटर म्हणतात ती, की एक्सल हाच मोटरचा स्थिर भाग होतो. मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे लोटते तेवढ्याच जोराने एक्सल उलटा वळू पाहतो. त्याला धरून ठेवायला असते चिमट्याची खाच आणि दोन नट. म्हणून एक्सलमध्ये एक जाड लोखंडी पट्टी अडकवून तिचं दुसरं टोक फ्रेमला आवळायचं असतं. दुकानात तिला टॉर्क आर्म म्हणतात. माझ्या खोक्यात ती पट्टी नव्हती, आणि ती लागते हे विकणाऱ्याने सांगितलंही नव्हतं. शेवटी गावातल्या पंक्चर काढणाऱ्या मिस्त्रीने जाड पट्टीचा तुकडा कापला, कानशीने घासून त्यात एक्सलच्या मापाचं भोक केलं आणि क्लिपने चिमट्याला बांधून टाकला. त्या पट्टीने आजवर दगा दिलेला नाही.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत साध्या सायकलीला मोटर बसवण्याची चौकशी करणारे आता बरेच भेटतात. प्रश्न ठरलेले असतात: किती वॅटची, किती किलोमीटर जाते, केवढ्याला पडते. चिमटा, रिम, ब्रेक यांच्याबद्दल कोणी विचारत नाही. मला या लेखात नेमकं त्याबद्दलच बोलायचं आहे, कारण या सायकलीची इथे खरी गरज आहे असं माझं मत आहे, आणि ती चांगली बसवली गेली नाही तर दोन-चार अपघातांनी बदनाम होऊन जाईल अशी भीतीही आहे.

गरज कोणाला आहे ते आधी पाहू. कुकडी आणि घोडच्या कालव्यांनी या तालुक्यांचा पूर्व भाग हिरवा केला. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली, ऊस आला, द्राक्षं आली. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आणि मंचर-ओतूरचा कांदा यांचं नाव राज्याबाहेर गेलं. शेतात बागायत झाली तशी माणसं गावठाण सोडून वावरात राहायला गेली. आज इथलं घर गावात नसतं, मळ्यात असतं. आणि मळ्यापासून शाळा, डेअरी, दवाखाना, हमरस्त्यावरचा एसटीचा थांबा हे सगळं तीन ते आठ किलोमीटरवर असतं. घरात मोटरसायकल असते, पण बहुधा एकच, आणि ती कर्त्या पुरुषाबरोबर सकाळीच बाहेर पडते. मागे उरतात त्या बायका, शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप चालला तेव्हा ही उरलेली माणसं कशी फिरतात हे ज्यांना पाहायचं होतं त्यांना दिसलं: ती चालत होती.

सायकल त्यांच्या घरात असतेही. कुठे जिल्हा परिषदेच्या योजनेतून मुलीला मिळालेली, कुठे आजोबांची काळी, दांडीची, अठ्ठावीस इंची. गोठ्याच्या कडेला भिंतीला टेकवलेली असते, चाकात हवा नसते. तिच्यावर दहा लिटरची दुधाची किटली अडकवून, उलट्या वाऱ्यात, दुपारच्या उन्हात चढ चढायचा म्हणजे पन्नाशीच्या बाईला तो त्रास नको वाटतो आणि ती सायकल तशीच राहते. मोटरने भरून काढायची आहे ती एवढीच उणीव.

ती किती आहे हे मोजता येतं. माणूस, सायकल आणि किट मिळून शंभर किलो धरा. सपाट डांबरीवर ताशी वीस किलोमीटरने जायला सुमारे शंभर वॅट लागतात. त्यातले निम्म्याहून जास्त हवा कापण्यात जातात. निरोगी माणूस तासभर सहज देऊ शकतो ती ताकदही पाऊणशे ते शंभर वॅटच्या आसपास असते, म्हणून सपाटीवर मोटर नसली तरी चालतं. आता शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता घ्या. ताशी बारा किलोमीटरचा वेग ठेवायचा तर दोनशे वॅट लागतात. दहा मीटर चढणारा रस्ता असेल तर ताशी दहा किलोमीटरलाच तीनशे. शंभर आणि तीनशे यांच्यामधल्या या फटीत अडीचशे वॅटची छोटी मोटर चपखल बसते. तिच्याहून मोठी मोटर मागणाऱ्याला सायकल नको असते, स्कूटर हवी असते, आणि त्याने स्कूटरच घ्यावी.

गरजेपुरतीच ताकद लावण्याचा हा विचार मला खोडदला जास्त पटला. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या उभ्या आहेत, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या ठोस पत्र्याच्या केल्या नाहीत. ताणलेल्या तारांच्या दोऱ्यांवर बारीक तारेची जाळी बसवली, सायकलच्या चाकात आऱ्या ताणून रिम उभी करतात त्याच जातीची ही रचना. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका झाला, तो फिरवायला लागणारी ताकद कमी झाली आणि खर्च आवाक्यात आला. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, आसपासच्या शाळा-महाविद्यालयांची पोरं आपापली यंत्रं घेऊन येतात. विजेची सायकल आणणाऱ्या पोराला मी एकच सांगेन: ताकद वाढवण्याआधी गरज कमी कर. टायरात पुरेशी हवा, तेल दिलेली चेन, आउट काढलेलं चाक, न घासणारे ब्रेक यांनी वाचणारे वॅट फुकटचे असतात. हवा कमी असलेल्या टायरवर अडीचशे वॅटची मोटर बसवून बॅटरी लवकर संपते म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

मोटरची सायकल ही काही आजची कल्पना नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसाला ३१ डिसेंबर १८९५ रोजी मागच्या चाकाच्या तुंब्यात मोटर असलेल्या सायकलीचं पेटंट मिळालं. चित्र पाहिलं तर आजच्या किटची आठवण व्हावी इतकं साम्य आहे. तेव्हा तिला पेलेल अशी हलकी बॅटरी नव्हती. पुढे १९९३ मध्ये जपानच्या यामाहाने पायडलवरचा जोर ओळखून तेवढीच मदत करणारी सायकल बाजारात आणली, आणि माणूस व मोटर यांनी मिळून चालवायची ही रीत तिथून रुळली.

महाराष्ट्रात याच्या अगदी जवळचं काम झालं ते फलटणला. निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पायडल रिक्षाला मोटरची जोड देण्यावर काम केलं. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की त्यांनी केवळ मोटर लटकवली नाही. जुन्या रिक्षेला नीट गिअर नव्हते, तिचे ब्रेक अपुरे होते. म्हणून त्यांनी रिक्षाच सुधारली आणि मोटरविना चालणारी सुधारित रिक्षाही वेगळी तयार केली. चालवणाऱ्याच्या गुडघ्यांचा विचार आधी झाला. राजवंशींना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांत या रिक्षेला दोन ओळी मिळाल्या. तिच्यावर पुस्तक व्हायला हवं.

दुसरं ठिकाण आंबेगावच्या शेजारचं, शिरूर तालुक्यातलं पाबळ. तिथला विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांना वेल्डिंग, वायरिंग, सुतारकाम, शेती हे सगळं हाताने करत शिकवायचं, आणि गावाला लागणाऱ्या वस्तू त्याच पोरांकडून बनवून घ्यायच्या. जुन्या जीपचे भाग वापरून त्यांनी छोटा ट्रॅक्टर केला, मेकबुल नावाचा. जुन्या वस्तूत नवा जीव घालण्याचं, आणि ते गावातच करण्याचं याहून चांगलं उदाहरण या परिसरात मला माहीत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने २००२ मध्ये पाबळलाच फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या काहींतली ती एक. ज्या भागात हे घडलं त्या भागात सायकलीला मोटर बसवायला पुण्याहून माणूस यावा लागू नये.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बत्तीस आणि मागच्याला चाळीस आऱ्या असतात. ही इंग्रजांच्या काळापासूनची रीत. बाजारातल्या हब मोटरला भोकं असतात छत्तीस. म्हणजे जुनी रिम चालत नाही, छत्तीस भोकांची नवी रिम आणावी लागते. मोटरचा एक्सल रुंद असतो, काळ्या सायकलीचा मागचा चिमटा अरुंद. तो फाकवावा लागतो आणि बेताने फाकवला नाही तर फ्रेम वाकडी होते. शिवाय या सायकलीचा ब्रेक सळईचा. तो रिमच्या आतल्या अंगाला खालून वर दाबतो. नवी रिम घातली की सळईचा ब्रेक निरुपयोगी होतो. इतके सोपस्कार टाळण्यासाठी गावातले मिस्त्री चेनची मोटर पसंत करतात: चोवीस व्होल्ट, अडीचशे वॅटची गिअरवाली मोटर खाली फ्रेमला नट-बोल्टने आवळायची आणि मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला दुसरं फ्रीव्हील लावून तिथे वेगळी चेन द्यायची. ती आवाज करते, चेन सैल पडते, पण चाकाला हात लावावा लागत नाही आणि बिघडली तर कुठलाही मिस्त्री खोलू शकतो. मला तीच निवड शहाणपणाची वाटते. मुलींच्या सव्वीस इंची सायकलीला मात्र हब मोटर बरी.

आणि ब्रेक. हा मुद्दा मी जिथे जाईन तिथे मांडतो, काही लोक कंटाळतात, तरी मांडतो. किटली लावलेली काळी सायकल ताशी बारा किलोमीटरने चालायची. तिच्या सळईच्या ब्रेकचं माप त्या वेगाला बेतलेलं. मोटर बसवली की तीच सायकल पंचवीसने जाते. वेग दुपटीहून थोडा जास्त झाला, पण थांबवायची ऊर्जा सव्वाचारपट झाली, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पावसात ओल्या स्टीलच्या रिमवर रबर घसरतं हे ज्याने सायकल चालवली आहे त्याला सांगायला नको. समोरून पुणे-नाशिक महामार्गावरचा कांद्याचा ट्रक येत असेल तर ही सव्वाचारपट म्हणजे काय ते कळतं. म्हणून पुढच्या चाकाला तरी नवा केबलचा किंवा डिस्कचा ब्रेक, आणि ब्रेक दाबताच मोटरची वीज तोडणारी मूठ, या दोन गोष्टींशिवाय मी कोणालाही मोटर बसवू देणार नाही. ती मूठ बहुतेक किटमध्ये येते. पुष्कळ जण तिची वायर जोडतच नाहीत.

कायदाही याच मापाचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अडीचशे वॅटपेक्षा कमी मोटर, ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी सोडून साठ किलोपर्यंत वजन असेल, तर असं वाहन मोटार वाहन ठरत नाही. परवाना, नोंदणी, विमा लागत नाही. पायडलला साथ देणाऱ्या सायकलीबाबत आणखी अट अशी की वेग वाढेल तसा मोटरचा जोर कमी होत जावा आणि पंचविसाला किंवा पायडल थांबताच तो पूर्ण तुटावा. ब्रेक चांगले असावेत, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक असावा. मात्र ही सूट तपासणी संस्थेने पडताळलेल्या वाहनाला आहे. पुण्याची एआरएआय ही अशा संस्थांपैकी एक. गावात हाताने जोडलेली सायकल या तपासणीतून गेलेली नसते, आणि हजार वॅटची मोटर लावून पन्नासने पळवली तर ती उघड उघड बेकायदा मोटरसायकल होते. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने मर्यादेबाहेर ताकद वाढवलेल्या विजेच्या दुचाक्यांवर कारवाईची मोहीम काढली होती. कायद्याची मर्यादा पाळून, गावातल्या मिस्त्रीने नीट जोडलेल्या सायकलीला तालुक्याच्या पातळीवर तपासून दाखला देण्याची सोय सरकारने करावी. ही मागणी अवाजवी नाही.

पैशाचा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. छत्तीस व्होल्ट, दहा अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे तीनशे साठ वॅट-तास. चार्जरमधला तोटा धरला तरी ती पूर्ण भरायला अर्ध्या युनिटच्या आत वीज लागते. थोडं पायडल मारत गेलं तर तीस-पस्तीस किलोमीटर होतात. विजेचा खर्च किलोमीटरला दहा-पंधरा पैसे. मोटरसायकलला पेट्रोलच शंभरीपार लिटरच्या भावाने दोन रुपयांच्या घरात जातं. इथे थांबून लोक खूश होतात, पण हिशेब अपुरा आहे. लिथियमची बॅटरी पाचशे-आठशे वेळा भरली की थकते. तिचे आठ-दहा हजार रुपये त्या किलोमीटरांवर वाटले तर किलोमीटरमागे आणखी चाळीस-पन्नास पैसे चढतात. खरा खर्च विजेचा नसतो, बॅटरीचा असतो. तरीही ती पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्शात पडते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी थोडी जड असते, पण ती दुपटीहून जास्त टिकते आणि तापण्याच्या बाबतीत सोशिक असते. वजनाची फिकीर नसलेल्या काळ्या सायकलीला मी तीच सुचवतो.

पायडल मारून बॅटरी भरते, असं सांगणाऱ्या चित्रफिती मधूनमधून फिरतात. वीस मिनिटं जोरात पायडल मारलं तर शंभर वॅटच्या हिशेबाने तेहतीस वॅट-तास तयार होतात, म्हणजे वरच्या बॅटरीचा दहावा हिस्साही नाही. कोणी अर्धी बॅटरी भरते म्हणाला तर त्याला हे गणित विचारा.

आगीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, त्या उन्हाळ्यात देशभर अशा घटना झाल्या आणि केंद्राने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. ते निकष मोटार वाहनांसाठीचे आहेत. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून, डाग देऊन, पीव्हीसीच्या पाइपात भरलेल्या बॅटरीला ते लागू होत नाहीत. असे स्वस्तातले पाइप मी हातात घेतलेत. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी आणि धोका होताच वीज तोडणारी बीएमएसची पट्टी आत नसेल तर ती वस्तू घरात ठेवू नये, गोठ्यात तर नाहीच. तिथे कडबा असतो. रात्री उशाशी चार्जिंगला लावू नये. चार्जर बॅटरीबरोबर मिळालेलाच वापरावा.

रात्रीचा विषय निघाला की इथे बिबट्या येतोच. उसात जन्मलेली बिबट्याची पिल्लं, माणिकडोहचं निवारा केंद्र, रात्रपाळीच्या विजेवर पंप चालू करायला निघालेला शेतकरी हे सगळं या तालुक्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी इथे त्यामुळेच जिवाच्या आकांताने होते. अंधारात कोणत्याही सायकलीवर एकट्याने जाऊ नये, मोटर असो वा नसो. विजेची सायकल आवाज करत नाही, म्हणून जरा जास्तच सांभाळावं. पण पहाटे साडेपाचला डेअरीला निघणं ज्यांना चुकत नाही त्यांना एक फायदा नक्की आहे. डायनॅमोचा दिवा चढाला, सायकल मंद झाली की, मिणमिणतो. नेमका जिथे उजेड हवा तिथे. बॅटरीचा दिवा उभ्या सायकलीवरही पूर्ण लागतो. दिवा, मागचा लाल दिवा आणि मोठा हॉर्न हे किटचाच भाग समजावेत.

पश्चिमेकडच्या वाड्यांना मात्र मी हे किट सुचवणार नाही. घोडेगावच्या पुढे डिंभ्याच्या वर चढलं की आहुपे, तळेघरकडचे रस्ते लांबच लांब चढाचे आहेत. तिथे हब मोटर ताशी सहा-सातच्या वेगावर अडकते, बॅटरीची अर्ध्याहून जास्त वीज नुसती उष्णता होते आणि आतली तार जळते. पायडलच्या ठिकाणी बसणारी आणि सायकलीचे गिअर वापरणारी मोटर तिथे चालेल, पण तिची किंमत तिथल्या महादेव कोळी कुटुंबाच्या हिरडा गोळा करून होणाऱ्या कमाईला झेपणारी नाही. त्या वाड्यांना वेळेवर येणारी एसटी द्यायला हवी. सायकलीचं नाव पुढे करून ती जबाबदारी कोणी झटकू नये.

अनुदानाचं सांगायचं तर दिल्ली सरकारने २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार विजेच्या सायकलींना प्रत्येकी साडेपाच हजार रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. जुन्या सायकलीच्या रूपांतराला ती नव्हती. आपल्याकडे मदत द्यायचीच तर ती किटवर देण्याऐवजी मिस्त्रीच्या शिक्षणावर खर्च व्हावी. तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग आहे, फिटरचा आहे. पंक्चर काढणाऱ्याला तिथे आठवडाभर बसवून मल्टिमीटर धरायला, कंट्रोलरची जोडणी वाचायला, बीएमएस तपासायला शिकवलं तर त्याच्या टपरीवर पंचक्रोशीची सोय होईल. चाकाचा आउट काढणं आणि छर्रे बदलणं त्याला येतंच; ते शिकवायला कुठलाच अभ्यासक्रम पुरला नसता.

या दिवाळीत कोणी घरच्या जुन्या सायकलीला किट घ्यायचं ठरवत असेल तर माझी एक विनंती आहे. खोकं मागवण्याआधी ती सायकल मिस्त्रीकडे न्या, पुढचा ब्रेक नवा घाला, रिम सरळ करून घ्या, चिमट्याला तडा नाही ना ते पाहून घ्या. त्याला हजार-दीड हजार रुपये लागतील. ते वेगळे काढून ठेवा आणि उरलेल्या पैशांत बसेल तेवढीच मोटर घ्या.